न बघता लिहिलेलं मानपत्र

आमच्या मराठी मंडळाची मानपत्रं मी लिहिते. इंदूरमध्ये मराठी बोलणारे पुष्कळ आहेत, पण लिहा म्हटलं की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. त्यामुळे वीसेक वर्षांपूर्वी हे काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. मी तेव्हा एका सरकारी दफ्तरात होते. दिवसभर हिंदीत टिपणं लिहायचे आणि घरी आल्यावर मराठीत विशेषणं. गणेशोत्सवात मंडळ गुणवंतांचा सत्कार करतं. मानपत्र मंचावर वाचलं जातं, मग फ्रेम करून दिलं जातं आणि मग ते कुणाच्या तरी घरी टीव्हीच्या वर लागतं. शहरातल्या बऱ्याच भिंतींवर माझी वाक्यं आहेत, खाली माझ्या सहीसकट. याचा मला गर्व होता आणि तो मी फारसा लपवत नसे.

लिहिण्याची माझी एक पद्धत होती. घरचे लोक मोबाइलवर एक फोटो आणि चार ओळी माहिती पाठवायचे. मुलगा असेल तर मी वडिलांना फोन करायचे, कितवा आला, समोर कोण होतं, शेवटच्या डावात काय झालं, सगळं विचारून घ्यायचे. मुलगी असेल तर फोटो पुरायचा. हे मी ठरवून करत नव्हते, पण करत होते. मुलगी नाजूक असेल तर ती परी व्हायची आणि दणकट असेल तर रणरागिणी. माझ्याकडे हे दोनच कप्पे होते. गौतमपुऱ्याच्या एका शिक्षिकेची मुलगी वजन उचलायची. तिला रणरागिणी म्हणून माझं समाधान होईना, म्हणून खाली लिहिलं की ती पुरणपोळीही उत्तम करते. टाळ्या पुरणपोळीला पडल्या. तिने किती वजन उचललं ते मानपत्रात नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी चाकांवर फिगर स्केटिंग करते. आमच्याकडे बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर, म्हणून टीव्हीवर दिसणारा तो बर्फावरचा खेळ इथे सिमेंटवर, चार चाकांच्या बुटांवर होतो. उड्या, गिरक्या, संगीत, चमचमता ड्रेस, सगळं तसंच, फक्त पडलं की लागतं सिमेंट. तिच्या ड्रेसचं कापड घ्यायला आम्ही बडा गणपतीजवळच्या एका दुकानात गेलो होतो. कशाला हवंय ते ऐकून दुकानदार म्हणाला, "अच्छा, वो चक्के वाला डान्स." भावजय म्हणाली, "हो, तेच." आम्ही सगळेच 'तेच' म्हणायचो. पाहुणे आले की भाऊ मोबाइलवर तिचा व्हिडिओ लावायचा आणि पाहुणे म्हणायचे, किती गोड हसते हो. उडीबद्दल कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. मी तर नाहीच.

सतरा वर्षांची असताना ती राज्यात पहिली आली. त्या वर्षी तिचं मानपत्र लिहायचं म्हणजे घरचंच कार्य, मी हात राखून लिहिलं नाही. ती चाकांवरची परी होती, तिच्या पावलांत हरणाची चपळाई होती, ओठांवर मोगऱ्याच्या कळीसारखं हसू होतं आणि तिच्या नृत्याने रसिकांची मनं जिंकली होती. मंचावर मीच वाचलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. अध्यक्ष म्हणाले, ताई, हे तुमचं आजवरचं सगळ्यात सुंदर मानपत्र. मला ते पटलं. भाची बाजूला शाल घेऊन उभी होती आणि हसत होती, त्यामुळे तिलाही पटलं असं मी धरून चालले.

राज्यात पहिली आल्यामुळे तिची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. स्पर्धा दुसऱ्या राज्यात, थंडीत, आणि नेमकी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवसांत. तिच्या शाळेत खेळाडूंना प्रॅक्टिकलची वेगळी तारीख मिळू शकत होती. प्राचार्यांनी सही करून नावांची यादी वर पाठवायची, एवढंच. भावाने अर्जासोबत जोडायला फाइल केली, आणि इथे आमच्या लोकांनीच करावी अशी चूक झाली.

स्केटिंग संघटनेचं प्रमाणपत्र इंग्रजीत, साध्या पांढऱ्या कागदावर होतं. नाव, वयोगट, प्रकार, पहिला क्रमांक, खाली शिक्का. भावाला ते फार कोरडं वाटलं. दरबारात लेखणी चालवणाऱ्यांचं आमचं घराणं, आम्हाला कागद भरलेला लागतो. त्याने सोनेरी किनारीचं मानपत्र फ्रेममधून काढलं, फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं, आणि प्राचार्य मराठी नाहीत म्हणून खाली स्वतः हिंदी भाषांतर करून जोडलं, एकही विशेषण न गाळता. प्रमाणपत्र गेलं सगळ्यात खाली, आधार कार्डाच्या मागे.

चार दिवसांनी फाइल परत आली. अर्जावर शेरा होता की ही सांस्कृतिक गतिविधी असून सवलत फक्त खेळांसाठी आहे. प्राचार्य सज्जन माणूस होते. त्यांनी भाचीला बोलावून कौतुक केलं आणि स्नेहसंमेलनाची सुरुवात तिच्याच नृत्याने करू असं सांगितलं.

त्याच दिवशी शाळेतून ती थेट माझ्या छत्रीबागेतल्या घरी आली. दप्तर न काढताच सोफ्यावर बसली.

"आत्या, तुझं मानपत्र मी आज पूरा वाचलं. पहिली बार."

"मंचावर ऐकलं होतंस की."

"तेव्हा मी नर्वस होते. ऐकलं नाही." तिने फाइल माझ्यासमोर ठेवली. "यात खेळ कुठेय?"

मी चष्मा लावून वाचलं. खेळ नव्हता. खेळाडूही नव्हती. नृत्य दोनदा होतं, परी तीनदा, हसू दोनदा आणि घराण्याचे संस्कार एकदा. ती राज्यात पहिली आली हे मी 'यशाचे शिखर पादाक्रांत केले' असं लिहिलं होतं. कुठलं शिखर, काही पत्ता नाही. एखाद्या अनोळखी माणसाने हा कागद वाचला तर या मुलीचा पाय चाकावर होता एवढंच त्याला कळलं असतं.

"मी दुसरं लिहून देते," मी म्हटलं. "प्राचार्यांना मी स्वतः भेटते. टेन्शन घेऊ नकोस."

"लिही. पण आधी बघायला ये. बिना देखे नको लिहूस आता." मग तिने दप्तर काढून खाली ठेवलं. "आत्या, मला जायचंय. पुढच्या वर्षी मी मोठ्या ग्रुपमध्ये जाते, तिथे माझा नंबर नाही लागणार, सर पण बोलले. हे एकच वर्ष आहे."

ती फार बोलणारी मुलगी नाही. इतकं सलग ती माझ्याशी बहुधा पहिल्यांदाच बोलली. ती तिसरीत असल्यापासून स्केट्स घालते, आणि तिचा सराव मी एकदाही बघितला नव्हता.

मी तीन सकाळी गेले. एका शाळेचं बास्केटबॉलचं मैदान त्यांना सहा ते आठ मिळतं. कडेला पांढरी रेघ, एक बाक, आणि बाकावर मी, शाल, वही आणि गरम पाण्याची बाटली घेऊन. ती एक उडी बसवत होती. उलटं जात हवेत उडायचं, दोन फेरे घ्यायचे आणि एका पायावर, पुन्हा उलटंच, उतरायचं. पहिल्या वेळी ती कमरेवर पडली. मी बाटली घेऊन उठले. तिचे सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मैडम, आप बैठिए. उठना उसको आता है." ती उठली, हात झटकले, पुन्हा गेली. त्या सकाळी ती अकरा वेळा पडली. मी वहीत रेघा मारल्या होत्या म्हणून आकडा पक्का सांगते. दोनदा ती पायावर उतरली, आणि त्या दोन्ही वेळी तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आनंदसुद्धा नाही. पाय कुठे टेकला ते ती वळून बघत होती.

मधल्या सुट्टीत तिने ट्रॅकपँट बदलली तेव्हा मांडीवरचा डाग दिसला. हिरवा, पिवळा, कडेला जांभळा. तिच्या आईला माहीत होता. मला नव्हता.

"सरावात तू हसत नाहीस," मी म्हटलं.

"हसणं सगळ्यात शेवटी बसवतात, आत्या. आधी उडी, मग उतरणं, मग हात, मग चेहरा. मेहनत दिसायला नको ना. दिसली की मार्क्स कटतात."

म्हणजे मोगऱ्याची कळी ही सगळ्यात शेवटी, मेहनत झाकायला लावलेली होती, आणि मी नेमकी तिच्यावरच भाळले होते. एकटी मीच नाही, दुकानदारही, पाहुणेही, पहिल्या रांगेतल्या बायकाही. या खेळाची गंमतच अशी आहे की तो जितका चांगला जमेल तितका लोकांना तो खेळ वाटत नाही. पण कुस्ती खेळणाऱ्या मुलीलाही मी रणरागिणीच म्हटलं असतं, तेव्हा सगळा दोष स्केटिंगवर टाकता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला मोबाइलवर परदेशातली बर्फावरची स्पर्धा दाखवली. म्हणाली, "आधी हे लोक आमच्या ग्रुपला 'लेडीज' म्हणायचे. आता 'विमेन' म्हणतात."

"त्यात काय एवढं? लेडीज वाईट आहे का?"

"वाईट नाही. पण मुलांना आधीपासून 'मेन'च म्हणायचे. त्यांना कुणी 'जेंटलमेन' नाही बोललं."

मला लेडीज म्हटलं की सिटी बसमधली राखीव सीट आठवते. तिथे बाईने नीट बसावं अशी अपेक्षा असते, उडी मारावी अशी नसते. हे मी तिला बोलले नाही. मला तिच्याकडून शिकायची सवय नव्हती, आणि ती सवय लागताना जरा जड जात होतं.

रविवारी मी नवीन पत्र लिहिलं. एक पान, हिंदीत. ती रोज किती वाजता येते, कोणती उडी किती फेऱ्यांची आहे, पंच कशाचे गुण देतात, ती कितीदा पडते आणि उठते. विशेषण एकही नाही. लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि मला ते फार आवडलं. खोड जात नाही.

सोमवारी मी आणि भाची प्राचार्यांसमोर बसलो. भावाला सुट्टी नव्हती. प्राचार्यांनी पत्र पूर्ण वाचलं, मग फाइल उघडून मानपत्र काढलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मैडम, दोनों पर आपके ही हस्ताक्षर हैं."

"जी."

"इसमें नृत्य है, इसमें खेल. मैं किसको सही मानूँ?"

"हे दुसरं, मतलब, ये वाला. ये मैंने देखकर लिखा है."

"और वो?"

मी चष्मा काढून पुसला. ते रागावलेले नव्हते. त्यांनी संघटनेचं प्रमाणपत्रही बघितलं, मान हलवली, आणि म्हणाले की त्यांच्या शेऱ्यासकट फाइल कार्यालयातून फिरून आली आहे, आता शेरा बदलायचा तर त्याला कारण लागेल. मी तिथेच दोन ओळी लिहून द्याव्यात, की मानपत्रातलं वर्णन चुकीचं आहे आणि ते मी प्रत्यक्ष न बघता लिहिलं होतं. बस. परवा सकाळी यादी जाणार आहे, त्यात ते नाव घालतील. त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यावर स्वतःचं पेन ठेवलं.

दोन ओळींचं काम होतं. मी आयुष्यभर कागद लिहिले आहेत, मला एक मिनिट लागलं नसतं. पण माझं सगळ्यात सुंदर मानपत्र चुकीचं आहे, न बघता लिहिलेलं आहे, हे माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, एका शाळेच्या फाइलमध्ये कायमचं राहणार होतं. माझा हात पेनाकडे गेला नाही. मी म्हटलं, "मानपत्र मंडल का है. मंडल से पूछना पड़ेगा. मैं कल देती हूँ."

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी पर्स आवरत होते.

मंडळाला विचारायची काही गरज नव्हती. मंडळाने आजवर माझं एक वाक्य बदललं नव्हतं. पण एकदा विचारते म्हटल्यावर विचारावं लागलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो ताई, त्यात चुकीचं काय आहे? पोरगी परीसारखीच नाचते. तुम्ही असं लिहून दिलंत तर बाकीच्यांच्या मानपत्रांचं काय? थोडं सांभाळून लिहा." मला हेच ऐकायचं होतं. मंगळवारचा अख्खा दिवस मी सांभाळून लिहिण्यात घालवला. 'मानपत्रातील भाषा अलंकारिक असल्याने गैरसमज संभवतो' असं एक वाक्य जमलं. त्यात चूक कुणाचीच नव्हती, झालाच तर वाचणाऱ्याची होती. बुधवारी सकाळी ते मंडळाच्या छापील कागदावर उतरवायला मी अध्यक्षांच्या घरी गेले, तिथे चहा झाला, शिक्का सापडायला वेळ लागला. शाळेत पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. कारकून म्हणाले, यादी अकरालाच गेली.

प्राचार्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी दोन फोन केले. काही झालं नाही.

भावाने ठरवलं की बारावीच्या वर्षी प्रॅक्टिकल सोडता येणार नाही, आणि त्याचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. राज्यात दुसरी आलेली उज्जैनची मुलगी तिच्या जागी गेली. घरी कुणीही मला बोल लावला नाही. उलट भाऊच म्हणाला, "ताई, तू तीन दिवस थंडीत जाऊन बसलीस, अजून काय करणार होतीस?" तेव्हा मला कळलं की भाचीने घरी काहीच सांगितलं नाही. तो कोरा कागद, ते पेन, मी म्हटलेलं 'कल', त्या खोलीतल्या या गोष्टी फक्त आम्हा दोघींना आणि प्राचार्यांना माहीत होत्या. तिने मला सांभाळून घेतलं होतं. मी तिला घेतलं नव्हतं. मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून कमी झालेली नाही, आणि ती कमी व्हावी असं मला वाटतही नाही.

ज्या दिवशी तिकडे तिच्या वयोगटाची स्पर्धा होती, त्या सकाळी ती नेहमीप्रमाणे सरावाला गेल्याचं भावजयीने सांगितलं. प्रॅक्टिकल दुपारी होतं. मी रिक्षा करून मैदानावर गेले. सर निवड झालेल्या बाकीच्या मुलांना घेऊन स्पर्धेला गेले होते, सराव बंद होता, मैदानावर ती एकटीच होती. संगीत नव्हतं, चाकांचाच आवाज येत होता. वाटेत मी चार-पाच वाक्यं जुळवली होती, चांगली वाक्यं होती. तिने मला बघितलं तशी ती वळून आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. श्वास लागला होता तिला.

जुळवलेलं एकही वाक्य मी बोलले नाही. म्हटलं, "तो कागद मी तेव्हाच लिहून द्यायला हवा होता. मला माझी लाज वाचवायची होती, म्हणून दिला नाही. तुझी स्पर्धा माझ्यामुळे गेली."

"माहितीये," ती म्हणाली.

ती रागावेल, रडेल, निदान जाऊ दे आत्या म्हणेल, असं मला वाटत होतं. तिने वाकून बुटाची लेस घट्ट केली, एकदा दुसऱ्या टोकाकडे बघून अंतराचा अंदाज घेतला.

"आत्या, तू जरा रेघेच्या बाहेर उभी राहा," ती म्हणाली. "तू उभी आहेस ना, तिथेच मी उतरते."